सेर्बेल्लीचा ड्यूक

रास्ता पेठ, दुसरा मजला. खाली पिठाची गिरणी,
म्हणून अकराच्या आत काम. नंतर टेबल हलतं.

ओत्ताव्हियो सेर्बेल्ली, तुमचा ड्यूक
चार महिने माझ्याकडे मरतोय.
लष्करातल्या फ्रेनीबाईंनी पाठवलाय,
अंगावर शंभर वर्षांचं पिवळं वॉर्निश.
काडीला कापूस गुंडाळते, थुंकीने भिजवते
(हो, थुंकीच; तुम्हीही तेच करत असाल)
आणि तसूतसूने पुसते.

लढाई काही तुम्ही पाहिली नव्हती.
कॅनव्हासच्या पाठीवर तुमचाच हिशेब आहे:
भाड्याचं चिलखत, कोळी एक, दिवसाला दोन लीरा.
त्याच्या नखांत खवले अडकलेत.
ते राहू दिलेत, हे बरं केलंत.

खोडलेलं काल सापडलं.
पडद्याचा लाल विरत चाललाय, त्याच्या आत
एक बाई. गुडघ्यांवर. हातात फडकं.
फरशीवरचं रक्त टिपतेय.

हिचं इथे काय काम, असं कुणीतरी म्हणालं असेल,
बक्षीस देणारे,
नाहीतर तुमचे तुम्हीच, रात्री.

फ्रेनीबाईंनी पैसे वॉर्निशचे दिलेत.
लाल रंगाला हात लावायचा नाही.

गिरणी सुरू झाली.
तिचं कोपर हललं, असं मी म्हणत नाही.
काडीला नवा कापूस गुंडाळला, एवढंच.