फुटाला अर्धा इंच

बाप सोनेगावच्या धावपट्टीवर डाकेचे थैले वाहायचा.
रात्रपाळी. चार दिशांची चार विमानं
मध्यरात्री नागपुरात उतरत,
थैले अदलाबदल करून उजाडायच्या आत निघून जात.
शनिवारी तो सायकलनं मांढळला यायचा
आणि जेवता जेवता ताटात
भाताचं डाकोटा करून दाखवायचा.
वरण ओतायच्या आधी
ते आम्हाला खाऊ द्यायचा नाही.

साठी उलटल्यावर मी ते लाकडात करायला घेतलं.
गावात चौकटी आता लोखंडाच्या, दारं फायबरची,
वाकस भिंतीला टेकून होती.
बायको म्हणाली, पाळणा तरी करा म्हणा,
विकला तर जाईन.

हिशेब सुताराचा, फुटाला अर्धा इंच.
पंख पंचाण्णव फूट, म्हणजे साडेसत्तेचाळीस इंच.
आकडे भोयर मास्तरांच्या मोनालीनं मोबाइलवर पाहून दिले.
दाराचं मी तिला विचारलं नाही.
दार मला पाठ होतं.
बाप म्हणायचा, उजव्या हाताला दार, शेपटीकडं.

पोट शिवणीचं, दोन फाळक्यांत कोरलेलं,
आतून इतकं पातळ
की कंदिलापुढं धरलं तर बोटं लाल दिसावीत.
पंखांत बांबूच्या फासळ्या, वर सावर.
पाती हळदूची, तीन आणि तीन.
एका इंजिनाला चौदा नळकांडी:
बोरूचे तुकडे, त्यांना काळा दोरा गुंडाळलेला,
अठ्ठावीस नळकांड्यांत अख्खा पौष गेला.
मग रिबिटा. टाचणीचं डोकं कापून, दाबून,
एका ओळीत दोनशे बारा मोजल्या
आणि मोजणं सोडलं.

लोक ओट्यावर यायचे.
उडते का, मेस्त्री?
नाही, म्हणायचो.
मंग काहून करून राह्यले?
याला उत्तर नव्हतं. मी काचपेपर घासत राहायचो.

फाळक्या चिकटल्या, शिकंजा सुटला,
तेव्हा मोनाली फोन घेऊन आली.
आबाजी, दार या अंगाला नाही. त्या अंगाला हाये.
फोटोत खरंच डावीकडं दार होतं,
आणि दाराशी उभा एक माणूस, बाप नव्हे,
कुणीही, थैला उचललेला.

दोन दिवस मी पटाशीला हात लावला नाही.
बाप खोटं बोलणारा नव्हता.
तिसऱ्या दिवशी अंगणात
सिमेंटची रिकामी गोणी खांद्यावर घेऊन
विमानाच्या शेपटीकडून नाकाकडं चालत गेलो,
त्याच्या डाव्या कुशीनं,
आणि ते माझ्या उजव्या हाताला आलं.

डावं-उजवं आत बसणाऱ्याचं असतं.
बापानं हातावरून सांगितलं.

तरी चूक ती चूक.
डाव्या अंगाला नवं दार कापलं,
उजवीकडचं त्याच शिवणीच्या तुकड्यानं बुजवलं.
रेषा जुळल्या नाहीत.
चंदेरी रंगाचे तीन हात दिले, डोळ्यांना कळत नाही,
पण बोटाला कळतं.

शेपटीचं चाक सगळ्यात शेवटी,
बोराच्या बीएवढं.
तोवर विमान पाटावर सपाट पडून होतं.
चाक बसवलं, उभं केलं,
तर नाक वर, बूड खाली,
दुकानासमोर बसलेल्या कुत्र्यासारखं.
तेव्हा बापाचं दुसरं बोलणं आठवलं,
ज्यावर आम्ही पोरं हसायचो:
आत गेलं का चढाव लागते रे,
भरला थैला घेऊन घाट चढल्यावानी.
इमानात कुठं घाट असते, आई म्हणायची.

मी पायलटच्या खिडकीतून तुरीचा एक दाणा आत सोडला.
कान लाकडाला लावला.
दाणा निघाला, सात खिडक्या ओलांडून
घरंगळत घरंगळत
थेट दाराशी येऊन थांबला.

बायको आतून म्हणाली, काय वाजलं?
मी दुसरा दाणा घेतला.