लूप लाइन

मे महिना. जळगावच्या एमआयडीसीत
दुपारी पत्रे आपोआप कडकड वाजतात,
आणि माझ्या टेबलावर नखाएवढी एक चिप
तापलेली. बोट लावलं, झटकन काढलं.

सावद्याच्या एका केळीबागेत तिला बसायचं होतं,
मातीची ओल मोजायला, व्हॉल्व्ह उघडायला-मिटायला,
दोन सेलांवर वर्षभर.
अकराव्या दिवशी सेल मेले.

मी तिला कायम पूर्ण वेगात पळवत होते.
ओल वाच, हिशेब कर, पाठव,
सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत,
आणि मग पुढचं काम येईपर्यंत
नुसती उभी राहा, इंजिन धडधडत ठेवून.

रविवारी भुसावळला मामांकडे गेले.
दिगंबर भारंबे, मालगाडीवर एकतीस वर्षं,
आता घरी. पंखा दोनवर, अंगात बनियन,
ताटात भरीत नि कळण्याची भाकरी.
चिप म्हणजे काय ते त्यांनी विचारलंच नाही.
"पुढचा सिग्नल कोन्ता व्हता?" म्हणाले.

सिग्नल नाही हो मामा, डेडलाइन असते.

"तेच ना. लाल दिव्याले भेटाले कायले पयाचं?"

मग भरितातच बोटाने रूळ ओढला,
इथं भादली, इथं जळगाव.
डबल पिवळा दिसला की नॉच सोडायचा.
वाघिणी आपल्या वजनाने जातात,
तू फक्त ऐकत राहायचं.
पोचायची वेळ तीच,
डिझेल मात्र टाकीत राहतं.

सोमवारी मी व्होल्टेज उतरवलं,
एक पूर्णांक आठवरून एक पूर्णांक दोनवर,
वेगही त्याच्या बेताने.
दाब तिसऱ्या हिश्शाने कमी,
आणि प्रत्येक कामाचा खर्च नवातले चारच भाग.
वर्ग आडवा येतो ना मधे, म्हणून.
मी वहीत तीनदा पडताळून पाहिलं,
कॉलेजात हे शिकले होते, पण तेव्हा
ते फक्त सूत्र होतं.

अजून हळू, म्हटलं. अजून हळू.
तर आकडा पुन्हा चढायला लागला:
रेंगाळणाऱ्या गाडीतही दिवे जळतात,
कॉम्प्रेसर आपलं खातच असतो.

आणि बुधवारी सावद्याहून फोन,
मुकुंद फिरके, आवाज शांत, म्हणून जास्त लागला:
"ताई, तुमचं यंत्र झोपलं का?
पानी एकोणीस मिंटं जास्त गेलं."
झोपलं नव्हतं. चाळीस दिवसांची नोंद
सावकाश, शहाण्यासारखी पाठवत बसलं होतं,
आणि व्हॉल्व्ह मिटायचं काम
त्याच्या पाठीमागे उभं, शिट्टी देत.
मालगाडी मेन लाइनवर, मेल मागे अडलेला.
ही चूक माझी. काटकसरीच्या नादात
कुणाला आधी सोडायचं तेच मी ठरवलं नव्हतं.

मामा फोनवर हसले नाहीत.
"नोंदीले लूपमंदी घाल," एवढंच.
लूपमध्ये कितीदा उभे राहिलेत ते स्वतः,
निंभोऱ्याला, रावेरला, दीड-दीड तास,
डब्यातलं वरण गार होईस्तोवर.
कुठल्याशा खोलीत बसलेला कंट्रोलर,
गाडी एकही डोळ्यांनी न बघता,
ज्याची वेळ आधी भरते त्याला आधी वाट देतो.

तसंच लिहिलं. रात्रीचे दोन वाजले.

आता बागेत ती चिप झोपलेली असते,
जवळजवळ काहीच न खाता,
एक बारीक घड्याळ तेवढं जागं,
जसा पूर्वी क्वार्टरच्या दारात
कंदील घेऊन कॉलमन यायचा,
"भारंबे, तीन पस्तीसची गाडी."

तो यायचा बंद होऊन किती वर्षं झाली.
मामा अजून दोन-चाळीसला उठतात.
माठातलं पाणी पितात, ओट्यावर येतात.
परवा मीही तिथेच होते, झोप नव्हती.
लांब तापीच्या अंगाला एक मालगाडी घुमत होती,
मग घुमणं मऊ झालं.

"सोडला नॉच," मामा म्हणाले,
आणि आत जाऊन झोपले.