सी-सात

मोंगूच्या प्रयोगशाळेत लाइट गेली की
आधी फ्रीजकडे पळायचं, मग मेणबत्तीकडे.
आत एक कुपी आहे, करंगळीच्या पेराएवढी.
तिच्यातलं शहाणपण एका उंदराचं.

तो उंदीर दूरदेशी कधीच मेला.
त्याच्या पाणथरीतली एक पेशी तेवढी वेचली
आणि मरण विसरलेल्या, गाठीतल्या एका पेशीशी
तिची गाठ मारून दिली.
तेव्हापासून ती वाढतेच आहे,
आणि घडवते ती खूणही एकच, हुबेहूब:
एका जंतूच्या अंगावरची एक जागा ओळखणारी.
बाकी जगाशी तिला देणं ना घेणं.

मी नासिलेले. पिपेट धरते.
एका ताटलीत शहाण्णव खळग्या,
त्यात गुरांच्या रक्तावरचं पिवळसर पाणी.
नवी पोरं इथेच फसतात.
निळा रंग चढला, तर जनावर धडधाकट.
नाही चढला, तर समजायचं
उंदराची खूण जागेवर बसायला गेली
आणि तिथं आधीच कुणी बसलेलं होतं.
जनावराच्या रक्तानं
फुप्फुसातला पाहुणा केव्हाच ओळखला होता,
गाजावाजा न करता.

आज सगळी ताटली निळी होत गेली,
सी-सात तेवढी पाण्यासारखी.
पुन्हा केलं. हात स्वच्छ, टिप नवी.
पाण्यासारखीच.

बिल्ला शून्य तीन एक आठ. मालक मुकेलाबाई.
फॉर्ममध्ये गाईच्या नावाला रकाना नाही.
याच माणसानं मला सातव्या वर्षी
बैलाच्या शेपटीला धरून झांबेझी ओलांडायला लावली होती.
"सोडू नकोस," एवढंच म्हणाला होता.

फोन लावला.
मैदानात पूर चढतोय, कळप उंचावर न्यायचा दिवस,
आणि मी म्हणतेय: हलवू नका.
दुसऱ्यांच्या गुरांत मिसळू नका.
सरकारी माणसं येतील.

"रंग कोणता आला?"
"आलाच नाही, मामा."

तो खाकरला.
"पहाटे मान लांब करून खोकते ती.
कोपरं बाहेर काढून उभी राहते.
महिना झाला.
उंदराला कशाला विचारायचं होतं, पोरी?
मला विचारायचंस."

मग सांगितलं का नाही, हे मी विचारलं नाही.
फोन चालूच होता. पलीकडे
कुणीतरी नावेतलं पाणी उपसत होतं,
डब्यानं,
भराभर.