फट

मार्नी हॅलमच्या पुढच्या दोन दातांत फट होती.
कॅमेऱ्यांनी भरलेल्या त्या घरात नऊ आठवडे
ती फटीतून शिट्टी वाजवत भांडी घासायची.
मतं पडली ती त्या शिट्टीला.

पुढच्या सीझनआधी चॅनलनं बिल भरलं
आणि इथे, ग्रिम्सबीत, मी ती बुजवली.
मग बर्फावरचा नाच, सोफ्यांची जाहिरात,
नाताळात क्लीथॉर्प्सला पँटोमाइम,
त्यात सावत्र बहीण,
तीही धाकटी.

काल आली. खुर्चीत आडवी होताच
दिव्याकडे बघून सवयीनं हसली.
मग म्हणाली, "डॉक्टर, ती परत पाडता येईल?"

मी आरसा आत घातला.
दात पांढरेशुभ्र. काम माझंच, चोख.
वारा जायलासुद्धा
जागा ठेवली नव्हती मी.