नव्याण्णवचा निकाल

मुनाफच्या गॅरेजात, जेल रोडला,
शटर अर्धं ओढून बसलो आम्ही पाच जण.
विषय एकच : नव्याण्णव सालचा सगळ्यात भारी गेम.
फक्त नव्याण्णव. अठ्ठ्याण्णवचा आणला तर बाद,
दोन हजारचा आणला तर चहाचे पैसे त्याचे.

खरी नावं तेव्हाही कुणाला माहीत नव्हती.
खैरनारबाईंच्या गिरणीमागे एक खोली,
खोलीत चार मशिनं, चारही सेकंडहँड,
वरच्या पट्ट्या आधीच्या मालकाकडेच फाटलेल्या.
म्हणून बारसं आम्ही केलं :
टकल्याची मारामारी, लाल गाडी, डुकरं,
आणि खांबाजवळचा पूल.
काचांवर पिठाचा थर.
बाही फिरवायची, मग शत्रू दिसायचा.

एक रुपयाला एक डाव.
आमचे बाप प्रेसमध्ये नोटा छापायचे,
तावच्या ताव,
आणि गेटवर झडती देऊन
घरी यायचे खिसे झटकत.
नोटांच्या त्या गावात
आम्हाला नाणं मिळायचं नाही.

हेमराज म्हणाला, मारामारी. संपला विषय.
त्या दिवाळीत त्याचा अंगठा सोलला होता.
अजून दाखवतो,
जणू कारगिलहून आलाय.
सुहास डुकरांवर बोलला वीस मिनिटं,
मध्ये दोनदा डोळे पुसले,
ग्रीसच्या हाताने, त्यामुळे फारच हसलो.
जयवंत दोंदे एवढंच म्हणाला, लाल गाडी,
आणि स्पार्क प्लग हातात फिरवत बसला.

चिठ्ठ्या हेल्मेटमध्ये.
मी लिहिलं : पूल.

मी तिथे खेळायला जातच नव्हते मुळात.
दळण घेऊन जायचे, पाच किलो गहू,
नंबर लागेपर्यंत मागच्या खोलीत उभी.
खांबाजवळ सहसा कुणी नसायचं.
दांडा धरला की माणूस पळायचा.
बटण दाबलं की उडी,
कधी कधी दाबायच्या जरा आधीच.
पहिला पूल. दुसरा पूल.
तिसऱ्यावरून खाली.
मला वाटायचं, माझंच चुकलं.
रात्री अंथरुणात अंगठा हलायचा,
आई म्हणायची, झोप गं, कसले हिशेब करतेस.

दिवाळी ते संक्रांत अशी खेळले मी.
मग एकदा शिंक आली, दोन्ही हात सुटले,
आणि माणूस पळतच राहिला.
पहिला पूल. दुसरा पूल.
पैसे कुणी टाकले नाहीत
तर मशीन स्वतःच खेळून दाखवतं,
गिऱ्हाईक यावं म्हणून.
खैरनारबाई दारात उभ्या होत्या, भुवयांवर पीठ.
किती दिवस बघत होत्या कुणास ठाऊक.
म्हणाल्या, पोरी, झालं तुझं दळण.
डबा हाताला गरम लागला.

मुनाफने हरकत घेतली. नमुना होता तो, गेम नव्हे.
तू खेळलीच नाहीस, मग मत कसलं?
हेमराज म्हणाला, नियमात बसत नाही.
मी म्हटलं, तुमच्यातलं कुणी
रुपया न देता तीन महिने खेळलंय का?
सुहास म्हणाला, मुद्दा आहे.

जयवंतने स्पार्क प्लग खाली ठेवला.
"म्हणजे ती तू खेळत नव्हतीस?
मी मागे असायचो रांगेत.
वाटायचं, काय हात बसलाय हिचा.
फक्त तिसऱ्या पुलावर दर वेळी तीच चूक.
किती वेळा तोंडावर आलं होतं, सांगावं हिला,
एक क्षण थांब, मग मार उडी."

बाहेरून एक ट्रक गेला, पत्रा थरथरला.

निकाल : लाल गाडी दोन,
मारामारी एक, डुकरं एक,
पूल एक, हरकतीसह.
चहाचे पैसे मी दिले,
संक्रांत दोन हजारात येते म्हणून.
फोनवरून दिले.
नाणं लागलं नाही.