दोन क्रेडिटचा विषय

शुक्रवारी सव्वातीनला, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला
मी बोलायला शिकवते.
वर्कशॉपातून थेट आलेली साठ पोरं,
नखांत ग्रीस, बोटांना अजून डब्यातल्या खरड्याचा वास,
आणि मी फळ्यावर लिहिते:
हस्तांदोलन. नजर. आवाजाची पट्टी.

'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं
की सुकुमार शेडबाळे उठतो
आणि मोबाइलवरून पाठ केलेला
दुसऱ्याच कुणाचा तरी स्वभाव घडाघडा म्हणतो.
फक्त गावाचं नाव आलं की
खाली बघून उरकतो.
आफ्रिन नायकवडीला इंग्रजीच बरं वाटतं.
'मी येतो' म्हणते ती घरी, आमच्याकडच्या सगळ्या पोरींसारखी,
पुण्याच्या कंपनीत त्यावर हसले होते.
इंग्रजीत ते कुठं दिसतंय?

सत्ताप्पा खोंद्रे मात्र गटचर्चेत बसला
मान तिरकी करून, डोळे मिटून.
यंत्रमानव नोकऱ्या खातील का, यावर
चौघं एकमेकांचा घास काढून घेत होते,
हा गप्प.
मी तक्त्यात लिहिलं: नजर, पाचपैकी एक.
तास सुटल्यावर थांबवला. म्हटलं, समोरच्याकडं बघावं,
आपण ऐकतोय हे त्याला दिसलं पाहिजे.

"दिसाय पायजे व्हय?"
त्याला खरंच नवल वाटलं.
उद्यमनगरात चुलत्याच्या लेथवर
सातवीपासून उभा राहतो म्हणाला.
"टूल बोथटलं की आधी आवाज बदलतोय.
बघत बसलं तर उशीर होतोय मॅडम,
जॉब गेलेला असतोय तवर."

मी हसले. हजेरीपट आवरला.
तो दारापर्यंत गेला आणि परत आला.
"रागावणार नसला तर एक इचारतो.
मागल्या शुक्रवारपास्नं तुमचा आवाज घासतोय,
कोरड्या बेअरिंगगत.
घरात काय झालंय का?"

सीपीआरच्या दुसऱ्या मजल्यावर
आईचा तो अकरावा दिवस.
स्टाफरूममध्ये रोज सगळे माझ्याशी
डोळ्यांत बघून, नीट हसून,
योग्य अंतर राखून बोलले होते.
मीही, आरशात.

खुर्ची ओढली. बसले.
त्यानं सल्ला दिला नाही,
'हुईल बरं' एवढंसुद्धा म्हणाला नाही.
खिडकीशी उभा राहिला, पुन्हा मान तिरकी,
शिरोलीकडून पाळी सुटल्याचा भोंगा येईपर्यंत.

रात्री पोर्टलवर गुण भरायला बसले.
ऐकण्याला रकानाच नव्हता.
नजरेच्या एकाचे चार करता आले असते,
केले नाहीत.
ते खोटं झालं असतं,
आणि त्याला ऐकू आलं असतं.

पुढच्या शुक्रवारी स्लाइड लावली नाही.
सगळ्यांना डोळे मिटायला लावले.
मागच्या बाकावर खुसखुस, मग कमी, मग
कुणीतरी पार्किंगमध्ये बुलेटला किक मारतंय, ती घेत नाहीये,
जिन्यात दगडूमामांच्या चपलेची करकर,
वर पंखे.

"डावीकडचा तिसरा,"
डोळे न उघडता आफ्रिन म्हणाली, मराठीत,
"ह्या आठवड्यात जाणार बघा. मी सांगतो."

मंगळवारीच गेला.