कात्री

रुवीत, मशिदीमागच्या गल्लीत,
पाळणाघराच्या दाराला लाल फीत होती.
ताटात खजूर, पेढे,
कात्री मात्र कुणीच आणली नव्हती.
मी पिशवीतून माझी काढून दिली,
अबाये बेतायची, दहा इंची, जड.
समितीचे काटदरे म्हणाले,
"हिला बघून फीतच घाबरेल."
सगळे हसले. तोवर रुमैसा
फितीखालून वाकून कधीच आत गेली होती.

तीन वर्षं ती दुकानात वाढली,
इस्त्रीच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या गादीवर.
काळा रंग तिला आधी कळला, बाकीचे मागून.
गिऱ्हाईक आलं की तोंडावर बोट ठेवायला
ती बोलण्याआधी शिकली.

लिसम्माबाईंच्या वहीत रकाना होता:
झोपताना काय लागतं?
मी लिहिलं, शिलाई मशीनचा आवाज.
मग लाज वाटली. खोडलं.
लिहिलं, काही नाही.

आता दुपारचे दोन.
टेबलाखालची गादी गुंडाळून ठेवलीय,
तिथं कापडाचे तागे मावतील.
बाही शिवून झाली, दोरा तोडला,
तरी पाय पायडलवर चालूच,
रिकामी सुई खालीवर.

थांबलं की ती जागी होते.